आईला मी आत झोपायला सांगितलं

८ नोव्हें. ९२, वसई
आई आली. किल्लारीकडच्या आमच्या गावात जमीन हलायची थांबत नाहीये. सगळी गल्ली गोठ्यापुढे, उघड्यावर झोपते. "आधी खालनं गुरगुर येती, मग उतरंड वाजती," म्हणाली. दम्याने बेजार.

१५ नोव्हें., रवि.
आईला वज्रेश्वरीला नेलं. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसली. शाळेत नववीला शिकवतो तसंच सांगितलं. जमीन सलग नाही, मोठमोठे तुकडे आहेत, सरकतात. आपला तुकडा उत्तरेला रेटतोय, त्या धडकेत हिमालय वर आला. भूकंप, ज्वालामुखी, सगळं बहुतेक कडांवर. आपण मधोमध. दख्खनचा दगड जुना, कधीचा थिजलेला.
"खालनं एवढं पानी तापतंय, आन् तू म्हणतोस समदं थिजलंय?"
हसलो. म्हटलं, "तू घरात खुशाल झोप. मी सांगतो ना."

२३ नोव्हें.
आई परत गेली. दादरपर्यंत सोडायला गेलो. थंडीत उघड्यावर झोपणार नाही, असं कबूल केलंय.

१६ फेब्रु. ९३
थोरल्या भावाचं, आण्णाचं पत्र. आई आत झोपते. शेजारच्या चार घरांनाही आत घातलं तिने. "माझा ल्योक भूगोलाचा मास्तर हाय" म्हणत फिरते. शाळेतल्या डिमेलो बाईंना पत्र वाचून दाखवलं. स्टाफरूममध्ये सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

३० सप्टें. ९३
पहाटे झाला. रेडिओवर किल्लारीचं नाव. ट्रंक कॉल लागत नाही. निघतो.

२ ऑक्टो.
गाव नाही. वेस कुठली तेही ओळखू येईना. पाऊस. हात-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची माती. सगळी अंगावर.
आण्णा रानात राखणीला होता, वाचला. आईला कालच काढलं. मी पोचायच्या आत सगळ्यांना एकत्रच...
लाकडं पुरली नाहीत म्हणे.
"झोपंतच गेली रं," आण्णा म्हणाला.

१९ ऑक्टो., वसई
शाळेत रुजू. डिमेलो बाई नंदाखालहून केळी घेऊन आल्या. त्यांना कुंडापासून सगळं सांगितलं.
"सर, पुस्तकात होतं तेच तुम्ही सांगितलंत."
"पुस्तक त्या घरात झोपलं नव्हतं, बाई."
जाताना बाईंनी विचारलं, चर्चमध्ये आईंच्या नावाने मिस्सा सांगू का. हो म्हटलं. आईला चाललं असतं.

७ डिसें.
नववी ब. धडा टाळत होतो, आज घ्यावाच लागला. फळ्यावर तुकडे काढले, बाण काढले. लोपीसची मुलगी उठली.
"सर, किल्लारी तर मधे आहे. मग तिथे कसा झाला?"
सांगितलं. रेटा कडेलाच संपत नाही. आतपर्यंत पोचतो, जुन्या भेगांत साठत राहतो. कधी सुटेल कुणाला सांगता येत नाही.
"म्हणजे आधी कुणालाच माहीत नव्हतं?"
"तिथल्या लोकांना भीती वाटत होती. बाहेर झोपायचे."
"मग आत का गेले?"
तास संपायला पंधरा मिनिटं होती. मनात वाचा म्हटलं आणि खिडकीशी उभा राहिलो.

२२ जाने. ९४
आण्णाचं पत्र. नव्या गावासाठी दोन जागा दाखवल्यात. एक ओढ्यालगत, एक माळावर. पत्र्याच्या शेडमध्ये बैठक झाली, एकमत होईना. शेवटी ठरलं, मास्तरला विचारा. "तू म्हनशील तिथं बांधू. लवकर कळव."
कुणालाच राग नाही? की आईचं ऐकून आत गेलेलं कुणी उरलंच नाही?

२५ जाने.
आंतर्देशीय आणलं. 'ती. आण्णास सा. न. वि. वि.' एवढं लिहून झालं. पुढे काय लिहू