डावी पापणी

३ फेब्रुवारी

डावी पापणी पुन्हा उतरली! सकाळच्या सफारीत ठणठणीत, दुपारच्या सफारीत शटर अर्ध्यावर. मागच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "गाईड, झोप येतेय का?" मी हसले. हसूही धड आलं नाही, एकाच बाजूने आलं. घरी आरशात पाहिलं आणि भीती वाटली.

६ फेब्रुवारी

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. "दिवसभर मोबाईल पाहून राहतेस, नाही तं काय होईन!"

१० फेब्रुवारी

फजिती. पाणवठ्याकडे बोट करून सांगितलं – दोन वाघ! जिप्सी माझा दीर भुपेंद्र चालवतो. तो म्हणाला, "वयनी, एकच आहे ना!" गाडीभर हशा. मी डोळे चोळले. तरी दोन. डावा डोळा हाताने झाकला – एक!

संध्याकाळी गेटवर चहावालाही म्हणतो, "बाईंच्या गाडीत बसा, वाघ डबल!" हसा लेको. गाईडलाच नीट दिसेना, तर ती गाईड कसली?

१७ फेब्रुवारी

नागपूर. डॉक्टरांनी छताकडे एकटक पाहायला लावलं. पापणी आपोआप मिटत गेली. मग तिच्यावर बर्फ ठेवला, तर उघडली! आमच्या यांनी घाबरून विचारलं, "ब्रेन में कुछ है क्या?"

डॉक्टर नाही म्हणाले. मेंदूचा निरोप नसेतून नसेत जातो, पण नसा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीक फट असते. एक नस त्या फटीत रसायन सोडते, पुढची ते झेलते. शेवटी निरोप स्नायूला मिळतो. माझे स्नायू ते झेलत नाहीत. झेलायच्या जागा माझ्याच रक्तातल्या कशाने तरी अडवल्यात.

मला जंगलच आठवलं. वाघ दिसला की वानर खकारतं, ते ऐकून चितळ ओरडतं, ते ऐकून आपण सावध होतो. माझ्यात वानर ओरडतंय आणि चितळ बहिरं!

गोळ्या दिल्या. गुण येईपर्यंत जंगल बंद. "गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर थांबू नका, लगेच या."

श्वास! त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

१८ फेब्रुवारी

सुटी मागितली की माझी पाळी दुसऱ्याला. परत मिळेल याची खात्री कोण देतो? "बाई गाईड?" म्हणून वाकडी होणारी तोंडं सरळ व्हायला किती वर्षं गेली! यांना म्हटलं, मी सफारीला जाणारच, घरात आजाराचं बोलायचं नाही. भुपेंद्रलाही नाही. हे रागावलेत.

२३ फेब्रुवारी

युक्ती काढली. दोन दिसले की एक सांगायचं. दोन मोर, म्हणजे एक. कळप असला की "बरेच आहेत"! पर्यटकांसमोर सारखा डोळा कुठे झाकत बसू? गोळी घेतली की थोडा वेळ बरं असतं, मग पुन्हा सगळं जोडीने. पण जमतंय. जेवताना मात्र प्रत्येक घास भीत भीत गिळते.

२८ फेब्रुवारी

दुपारची सफारी. वळणावर रस्त्याच्या डाव्या बाजूला गवतात वाघीण. उजवीकडे दुसरी – नेहमीची, खोटी. भुपेंद्र वाकून पाहत होता, त्याच्या बाजूला बांबू आडवा. "किती आहेत, वयनी?"

"एकच. घे पुढे."

त्याने घेतली. तेवढ्यात खोटी उठली आणि चालू लागली. खरी बसूनच होती.

ते तिचं मोठं झालेलं पिल्लू होतं! गाडी दोघांच्या बरोबर मध्ये. मी ओरडायला तोंड उघडलं, आवाज निघेना. भीतीने की आजाराने, देव जाणे. वाघीण डरकाळी फोडत आली, बोनेटवर पंजा आपटला. भुपेंद्रने गाडी मागे घेतली म्हणून वाचलो. मागच्या सीटवर बायका-पोरं रडत होती.

१ मार्च

आता लक्षात येतंय, काल सकाळपासून एकाचे दोन झालेच नाहीत. अंगणात एक चूल, एक गाय, एक सासूबाई. गोळ्या लागू पडल्यात.

भुपेंद्र येऊन समोर बसला. "वयनी, खरं सांगा. तुमाले काल किती दिसले होते?"

"दोन."

"मंग एक काऊन सांगतलं?"