पहिला घास

माय, खरं तर मी ठाणाकुशनूरला दिलेल्या एका मुलीला पत्र लिहायला बसले होते. पाकिटावर तिचं नाव-गाव लिहून झालं, कागदावर तारीख टाकली आणि पुढं हात चालेना. तिची आई श्रावणात वारली, आणि ती कशामुळे वारली याबद्दल मी त्या मुलीला तोंडावर एक खोटं सांगितलं आहे. ते निस्तरायचं आहे. पण तिला सांगायचं म्हटलं की सुरुवात तुझ्यापासून करावी लागते, आणि तुझं तिला काय सांगणार? म्हणून तो कागद बाजूला सारला आणि तुलाच लिहिते आहे. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी हे मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं.

वनखात्याच्या रोपं लावण्याच्या कामावर आपण गेलो होतो, ते वर्ष मला पाठ आहे. अप्पा गुलबर्ग्याला डाळीच्या मिलमध्ये हमाली करायचे आणि आपण तिघी, तू, मी आणि धाकटी, हुलसूरकडच्या बाकीच्या बायांसोबत ट्रॉलीत बसून चिंचोळीच्या बाजूच्या रानात उतरलो. दोन महिने पालात काढले. पाल म्हणजे दोन बांबू, एक आडवी काठी आणि खताच्या पोत्यांचं शिवलेलं पांघरूण. आता माझे विद्यार्थी त्याच रानात निळ्या-नारिंगी तंबूत झोपतात, त्याला निसर्ग शिबिर म्हणतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. आपल्याला मुकादम आठवड्याची ज्वारी द्यायचा. कालवणाचं ज्याचं त्यानं बघायचं. तू दिवसभर खड्ड्यात रोपं बसवायचीस आणि परत येताना ओच्यात तरवटा, कुरडू, घोळ, जे दिसेल ते खुडून आणायचीस. ओळखीची भाजी असली की आपण तिघी एका परातीत जेवायचो. पण जरा वेगळ्या पानाचं, नव्या जागेतलं काही असलं, की तुझा रिवाज ठरलेला. तू एकटी खायचीस. घासभर नव्हे, अख्ख्या भाकरीबरोबर. मग पातेल्यावर झाकण ठेवून ते आडव्या काठीला टांगायचीस आणि म्हणायचीस, "आता सकाळी."

आम्ही दोघी मीठ-मिरचीशी भाकरी खायचो आणि त्या टांगलेल्या पातेल्याकडं बघायचो. एकदा तू वारुळावरची अळंबी आणलीस. मला शेजारी बसवून दाखवलंस, की ती हातानं उपटायची नाही. खुरप्यानं खाली-खाली उकरत जायचं. खरी असेल तर तिचं मूळ लांबलचक, पार वारुळाच्या पोटात गेलेलं असतं. मूळ दिसलं नाही तर ती तिथंच सोडायची, मग वरून कितीही देखणी असू दे. लाल तिखटात तू ती परतलीस तेव्हा अख्ख्या तांड्याला वास गेला असेल. आणि पुन्हा तेच, तू खाल्लीस आणि पातेलं वर गेलं. मी दहा वर्षांची, पोटात कावळे ओरडत होते.

"तू एकटीच खायलीस. आम्हाला कामून न्हाई?"

"सकाळी खा की."

"तू हावरी हाईस."

शेजारच्या पालातल्या बाया हसल्या. तुला ते लागलं असावं, कारण तू मला जवळ ओढून दंडाला चिमटा काढलास, चांगला कळ येईपर्यंत. मग हळूच म्हणालीस, "मला काई झालं तर तुमचा बाप हाय. तुमाला काई झालं तर मी कुठं जाऊ?" मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मी बायांसमोर मार खाल्ला एवढंच कळलं, आणि पुढं चार दिवस मी धाकटीला शिकवत होते की माय हावरी आहे.

पाचव्या-सहाव्या दिवशी तू कसलातरी कोवळा पाला आणलास. तो तू खाल्लास आणि पहाटे पालाबाहेर ओणवी होऊन ओकत बसलीस. मी पाणी धरलं. उजाडल्यावर तू पहार घेतलीस, रोपासाठी खोदतात तसा खड्डा खोदलास, पातेल्यातलं सगळं त्यात ओतून वरून माती लोटलीस, पातेलं राखेनं तीनदा घासलंस आणि कामाला गेलीस. जाताना मला म्हणालीस, "पोटात ऱ्हायलं न्हाई, बरं झालं." त्या सकाळी मला कळलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. दहाव्या वर्षापासून मला ठाऊक आहे की पहिला घास कुणी खायचा आणि का.

आता मी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझा अभ्यास गवतांचा, पण पोरांना गवतात काय गोडी, म्हणून दरवर्षी श्रावणात रानभाज्यांचं शिबिर घेते. तुझं खुरपं सोबत नेते. पहिल्या सकाळी ते वर धरून तुझी गोष्ट सांगते, दोन-तीन मुलींचे डोळे भरून येतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. शिबिरात स्वयंपाकाला तिथल्याच गावातली एक बाई तीन वर्षं येत होती. मी तिला अक्का म्हणायचे. तुझ्याच अंगकाठीची, तशीच चटपटीत. लेकीचं लग्न होऊन गेलेलं, घरी एकटी. मला रानातलं आवडतं हे तिला माहीत होतं आणि ती त्यावरून मला चिडवायची, "पगारी माणूस तुमी, पाला कामून खायलाव?"

या वर्षी शिबिराच्या दुसऱ्या दिवशी झाडाखाली पांढरीशुभ्र अळंबी दिसली, टोपलीभर निघेल एवढी. पोरं मोबाइल काढून गोळा झाली. मी तुझं नाव घेतलं, वारुळाचं सांगितलं आणि फोटो बरा यावा म्हणून ती देठापासून हातानं मोडून वर धरली. खुरपं पाठीवरच्या पिशवीत होतं. ते काढायला, गुडघे टेकायला, उकरायला दोन मिनिटं लागली असती. उकरलं असतं तर लांब मूळ नाही, उलट बुडाशी पिशवीसारखं काहीतरी आहे, हे दिसलं असतं. मी उकरलं नाही.

अक्कानं टोपलीत बघून नाक मुरडलं. "बाई, हे अणबे वारुळावरले न्हाईत. आमच्यात असले घेत न्हाईत."

"अहो अक्का, मी हेच शिकवते," मी हसून म्हणाले. पोरंही हसली.

"तुमी म्हणायलाव म्हून करते."

तिनं केली. संध्याकाळी चुलीपाशी कढई उतरवली तेव्हा वीस पोरं ताटल्या घेऊन उभी होती. आणि माय, तेव्हा मला शंका आली. खरं म्हणजे ती टोपलीपासूनच होती, तिला मी पोरांसमोर वाट दिली नव्हती. मी म्हणाले, रानातलं नवीन काही सगळ्यांनी एकदम खायचं नसतं, आमच्या आईचा नियम आहे, तुम्ही सकाळी खा. पोरांना ते फार आवडलं. मग मी अक्काकडं वळले. "अक्का, तुम्ही घ्या आधी."

"आन् तुमी?"

"घेते मी नंतर."

ती दिवसभर चुलीपुढं होती, भुकेली होती. दोन भाकऱ्यांबरोबर पोटभर जेवली. "लई चव हाय, बाई, कोंबडीवानी," म्हणाली. मी माझ्या ताटात वरण-भात घेतला.

पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. दिवसभर ती तंबूत पडून होती. मी कढई रिकामी करायला लावली, पोरांना ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी तिला उतार पडला, उठून बसली, चहा प्याली, "पोट साफ झालं बघा" म्हणून हसली. आम्हीही हसलो आणि तिला जीपनं घरी सोडलं. मधे असा एक बरा दिवस येतो, हे मी नंतर वाचलं. तुझी परीक्षाच खरी नव्हती, माय. काही विषं खाल्ल्यावर कितीतरी वेळ गप्प असतात आणि सकाळपर्यंत थांबून दरवेळी कळतंच असं नाही. तुझ्यापाशी दुसरं काही नव्हतं म्हणून तू अंगावर घेत होतीस. माझ्यापाशी सगळं होतं.

चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. लेक ठाणाकुशनूरहून धावत आली, तिनंच आईला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आणलं. मी गेले तेव्हा डॉक्टर विचारत होते, ती भाजी आणखी कुणी खाल्ली? लेक माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "मीपण थोडी खाल्ली." ठरवून नाही बोलले, तोंडातून निघून गेलं. पण परत घेतलं नाही. त्यांनी माझं रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्हीही तेच खाऊन ठणठणीत आहात, म्हणजे यांची कावीळ कदाचित वेगळीच असेल. एक पूर्ण दिवस ते दुसरंच काहीतरी शोधत राहिले. तेव्हाही मी बाहेरच्या बाकावर बसून होते, दार चार पावलांवर होतं. त्या दिवसानं काय फरक पडला असता हे कुणी सांगू शकत नाही. सातव्या दिवशी ती गेली.

कॉलेजात बैठक झाली. मॅडमनी मुलांना थांबवलं म्हणून वीस घरांवरचं संकट टळलं, असं प्राचार्य म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले, तो त्यांना विनय वाटला.

गेल्या आठवड्यात लेक घरी आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. "एकच इचारायचं होतं, बाई. गावात लोक म्हणायलेत की तुमी आईला चाखायला लावलं. तुमी बी सोबत खाल्लं होतं ना?"

"व्हय," मी म्हणाले. तिच्या बोलीत म्हणाले, म्हणजे जास्त खरं वाटावं. "थोडं खाल्लं होतं."

ती रडली, पण मोकळं झाल्यासारखी. "मग आमच्या आईचंच नशीब," म्हणाली. मग पिशवीतून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. वाळवलेली कडवंची, रानातली ती बारीक कडू फळं. "आईनं तुमच्यासाठी राखून ठिवली होती. डब्यात घावली." आणि बसच्या वेळेचं सांगून निघून गेली.

पत्र तिला पाठवायचं ते यासाठी. गावातले लोक बरोबर बोलत आहेत, एवढं एक वाक्य लिहायचं आहे. ते तुला लिहून झालं, तिला लिहून होत नाही. पाकीट टेबलाच्या खणात टाकलं आहे, आणि हा कागदही तिथंच जाईल.

एक आणखी आहे, तेही सांगते. ती कडवंची मी त्याच संध्याकाळी तळली, वर मीठ-तिखट भुरभुरलं. कडवंची मी पन्नास वर्षं खाते आहे, तिच्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण पुडी सोडताना मनात आलं, त्या लेकीला खरं कळलं असेल तर? मी बशी ह्यांच्यापुढं ठेवली. बायको नवऱ्याला आधी वाढते, त्यात कुणाला काय दिसणार. छान झाली आहे, तूपण घे, असं ते दोनदा म्हणाले. भूक नाही म्हणाले मी. उरलेली झाकून ठेवली आणि सकाळी खाल्ली, माय.