डासाच्या पोटातलं लग्न

३ मार्च
प्रयोगशाळेतून फोन. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे अजून जिवंत आहेत." मी चपला घालायला धावले. नवऱ्याला जन्मभर 'हे'च म्हणत आले — दुसरं कोण सुचणार? त्या बिचाऱ्या हिवतापाच्या जंतूंबद्दल बोलत होत्या. यांच्या शेवटच्या तापातलं रक्त गोठवून ठेवलंय. आता त्यातले जंतू वाढवायचेत, माझी परवानगी हवी.
माणूस गेला आणि त्याला मारणारे जिवंत! मारून टाका म्हटलं.
"घाई नको, ताई. विचार करून सांगा."

४ मार्च
दूध उतू गेलं. लक्ष नाही कशात.

७ मार्च
नणंद आली. चहा संपायच्या आत तेच — "पुस्तकात डोकं घालून बसायचीस. गोळ्या वेळेवर दिल्या असत्यास तर दादा असता."
दिल्या की! पेला धरून, गिळेपर्यंत समोर उभी राहून. त्याआधी आम्हा दोघांनाही हाच ताप आला होता, तेव्हा याच गोळ्यांनी दोघंही उठून बसलो. मग यांना दुसऱ्या खेपेला का नाही? हे कळल्याशिवाय मला चैन नाही.

८ मार्च
बाईंना सांगितलं — मारायचे ते मारा, पण आधी गोळी का चालली नाही ते शोधा. आमच्या पहिल्या तापाचं रक्तही त्यांच्याकडे आहे म्हणे. ताडून बघतील.

१५ मार्च
वाचनालयातून जंतूंवरचं पुस्तक आणलं. अर्धं डोक्यावरून गेलं. एवढं कळलं — आपल्या रक्तात ते नुसते एकाचे अनेक होतात. नर-मादी जुळतात ते डासाच्या पोटात. लग्न तिकडे, संसार आमच्या रक्तात! हे असते तर खो खो हसले असते. दोन माणसांचे जंतू एका डासात गेले तर पिल्लं दोन्हीकडचे गुण घेऊन निघतात. पत्ते पिसल्यासारखे.

२२ मार्च
फोन नाही.

२ एप्रिल
प्रयोगशाळेत जाऊन आले. बाईंनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "गोळ्या तुम्ही बरोबरच दिल्यात, ताई."
गोळीत औषधं दोन. एका घराण्याचे जंतू एका औषधाला दाद देत नव्हते, दुसऱ्या घराण्याचे दुसऱ्याला. वेगवेगळे होते तोवर गोळीने मेले. डासात एकत्र आले आणि पिल्लांना दोन्ही बळं मिळाली.
"कुठली घराणी?" मी विचारलं.
बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "एक त्यांच्या पहिल्या तापातलं. दुसरं... तुमच्या." त्या तापात एकच डास दोघांना चावला असावा, आणि पुढे पुन्हा यांना.

३ एप्रिल
फोन करून सांगितलं, मारू नका.
आम्हाला मूल झालं नाही. अर्धं यांचं, अर्धं माझं असं जगात तेवढंच आहे.