ठाकूरवाडीच्या भिंतीवरचा चौक

मी, काशिराम बामा गायकर, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा पेंटर, राहणार पनवेल, जिल्हा रायगड, हे माझे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवून काय ते स्पष्ट सांगितले आहे. अक्षर हललेले दिसले तर कोणी शंका घेऊ नये. पनवेलच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या याच हाताने रंगवल्या. आता हात थरथरतो, पण डोके शाबूत आहे.

१. माझी पत्नी सुमती चार वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. राहते घर व लागून असलेले दुकान माझा पुतण्या अविनाश याला मिळावे, परंतु कलम ४ मधली अट पुरी केल्यावरच. अविनाशने गेल्या वर्षी स्टिकर कापायचे कॉम्प्युटर मशीन आणले आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "काका, तुमचं एक अक्षर होईपर्यंत माझ्या दहा पाट्या निघतात." निघतात, मी पाहिले आहे. राग मात्र अजून गेलेला नाही. मृत्युपत्रात खोटे नको म्हणून नोंदवतो.

२. नियाज मुकादम यांचे ट्रेलर न्हावा शेव्याला जातात. सगळ्यांनी रेडियमचे स्टिकर चिकटवले तरी नियाजभाईंनी मागचा मोर माझ्याकडूनच काढून घेतला. माझे ब्रश त्यांना द्यायचे मनात होते. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात. म्हणून ब्रश माझ्याबरोबर जाळावेत. केसांचे आहेत, वास येईल, तेवढा सहन करावा.

३. माथेरानच्या पायथ्याशी ठाकूरवाडी आहे. तिथल्या शुक्रीबाई देवजी निरगुडा लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधे देवी, भोवती वेली, खाली घोड्यावर नवरानवरी. कुटुंबनियोजनाची जाहिरात रंगवायला वाडीवर गेलो तेव्हा तो चौक मी पहिल्यांदा पाहिला आणि वेडा झालो. त्या काडीने जी रेघ ओढतात ती मला चाळीस वर्षे ब्रश धरूनही जमली नाही. पुढे तोच चौक मी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने काढला, खाली माझी सही केली आणि मुंबईच्या प्रदर्शनात मांडला. लोक मला लोककलेचा आधुनिक चित्रकार म्हणू लागले. ते मला गोड लागले. शुक्रीबाईंचे नाव कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. उरलेल्या कॅनव्हासांवरची माझी सही खरवडून, त्यांचे नाव लिहून, ते गावच्या वाचनालयाला द्यावेत.

४. सन १९९१च्या वैशाखात शुक्रीबाईंची एकुलती लेक बुधी हिचे लग्न झाले. त्यांच्या घरची रीत अशी की चौकातली देवी ही पाहुणी. लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरीच्या आईने स्वतः शेणाने भिंत सारवायची, म्हणजे देवीची पाठवणी होते. तोवर तिला दोन्ही वेळा नैवेद्य दाखवायचा. मी चौथ्या दिवशी गेलो. शुक्रीबाई लाकडांना गेल्या होत्या. मुंबईचे फोटोवाले पुढच्या आठवड्यात येणार होते, आणि इतके सुंदर काम शेणाखाली जाणार हे मला बघवेना. मी त्यावर व्हार्निशचे दोन हात मारले. आपण भले करतो आहोत असेच मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी शेण भिंतीला धरेना. लावले की ओघळून खाली. चुनाही बसेना. शुक्रीबाई म्हणाल्या, "काशादादा, पावनी अडकली. मी काय देवीला कुदळ लावू? ज्यानं अडकवली त्यानं नायतर त्याच्या घरच्यानं सोडवायची." मी म्हणालो, फोटो होऊ देत. मग म्हणालो, प्रदर्शन होऊ दे. पुढच्या वर्षी बुधी सासरी पहिल्या बाळंतपणात वारली. मी भेटायलाही गेलो नाही. भिंतीवर ती घोड्यावर बसलेली होती, तिच्यासमोर उभे राहायची मला लाज वाटली.

आता वाडीचा चढ मला चढवत नाही. माझ्या तेराव्याच्या आत अविनाशने स्वतः जावे, मजूर पाठवू नये. भिंत कुडाची आहे. वरची माती आतल्या कारवीच्या काठ्यांपर्यंत उतरवावी, नवी माती थापावी. शेवटचे सारवण शुक्रीबाई करतील. हे झाल्याशिवाय घर त्याचे नाही.

५. पहिल्या मसुद्यात घर शुक्रीबाईंच्या नावे होते. आज सकाळी नियाजभाई त्यांना टेम्पोतून घेऊन आले. मी मसुदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला नको तुजं घर. मला दिस बुडायच्या आत वाडीवर सोडा. सांजचा निवद कोण दाखवील? सा वर्सं झाली, एक रात भाईर राह्यले नाय."

मी विचारले, "आणि बुधीच्या बाळंतपणाला?"

"निरोप आला हुता. दोन दिस अडली हुती पोर. आई आई करत हुती म्हनं. देवीला उपाशी कोंडून कशी जाऊ? तिचा कोप पोरीवरच आला असता. म्हनून नाय गेले."

हे त्या आजवर बोलल्या नाहीत, कारण मी विचारले नाही. मरणाऱ्या लेकीपासून मी तिची आई अडवून ठेवली, अर्धा डबा व्हार्निशने. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मी तसे लिहीत नाही.

तो मसुदा फाडून हा लिहिला आहे. कलम ४ मध्ये जुन्या मसुद्यातली मुदतच उतरली, ती मी येथे रद्द करतो. तेरावा नव्हे, उद्या सकाळ. दारात उभा राहून अविनाशने सगळे ऐकले. म्हणाला, "काका, उद्या मशीन बंद ठेवतो. पहिल्या एसटीने जातो."

शुक्रीबाईंनी माझ्याकडून काहीही घेतलेले नाही, त्यामुळे त्या साक्षीदार होऊ शकतात. अंगठ्यासाठी शाईची पेटी पुढे केली तेव्हा त्या थांबल्या. हात मागे घेऊन त्यांनी मला विचारले, "ही तरी धुतल्यावर जाते ना रे?"

मी हो म्हणालो.

ठिकाण : पनवेल
दिनांक : ९ फेब्रुवारी १९९७

लिहून देणार : काशिराम बामा गायकर (सही)

आम्हां दोघांच्या देखत सही झाली :
१. नियाज इब्राहिम मुकादम (सही)
२. शुक्री देवजी निरगुडा, निशाणी डाव्या हाताचा अंगठा