यादीतला नववा माल

१० जानेवारी १९९४, शिवाजीनगर
यंदाचा संकल्प: आयात शुल्काविरुद्ध लढा. गॅट करारानं जग खुलं होतंय आणि आमच्या गजराच्या घड्याळातल्या परदेशी मशीनवर अजून जबरदस्त ड्यूटी. कारखान्यात चौदा माणसं आहेत. मशीन स्वस्त झाली की चाळीस होतील. श्यामला म्हणाली, आधी छपराचा पत्रा बदला. बायकोला व्यापक दृष्टी नाही.

१९ जानेवारी
उद्योजक संघाचं दिल्लीला जाणारं निवेदन माझ्याकडे सोपवलं. दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. आदर असावा. बॉलपेनवाला सुधींद्र म्हणाला, जो तो दुसऱ्याच्या मालावरची ड्यूटी काढा म्हणतो, स्वतःच्या नाही. खोचक माणूस. पण बोलणं डोक्यातून जाईना.

२३ जानेवारी
सुचलं! यादीत आठ माल आम्हाला बाहेरून हवे असलेले, माझी मशीनही त्यात. नववा: तयार गजराची घड्याळं. म्हणजे माझाच माल. स्वतःचाच माल दिला की निवेदनाला वजन येईल. दिल्लीत दुसऱ्या ओळीपुढे कोण वाचतो? कारखान्यातला मिस्त्री आप्पाजी कागद बघून त्याच्या कानडी वळणानं म्हणाला, "अण्णा, हे स्वल्प जास्ती झालं." त्याला डिप्लोमसी काय कळणार.

११ फेब्रुवारी
दिल्लीचं पत्र! नवव्या मालाला संघातल्या उत्पादकाची हरकत आहे का? उलट टपाली कळवलं: उत्पादक मी एकटाच, हरकत नाही. सही, शिक्का.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
बजेट. रेडिओभोवती चौदा जण. घड्याळाचा उल्लेखही नाही. तपशील मागाहून येतो, असं मी सगळ्यांना समजावलं.

२ मार्च
तपशील आला. सुधींद्रनं आणला. पहिल्या आठ मालांना कुणा ना कुणा कारखानदारानं हरकत घेतली. ड्यूटी तशीच. नवव्यावरची काढली.
"तुमच्या मालाला कुणाची हरकतच नव्हती, हंबीरराव," तो म्हणाला. हसला नाही. त्यानंच जास्त भीती वाटली.

२० मार्च
घाबरायचं कारण नाही. गिऱ्हाईक देशी मालच घेतं. तीन दुकानदारांनी ऑर्डर थांबवल्या, तात्पुरत्या.

२२ एप्रिल, शुक्रवार
संघानं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि परदेशी गजराचं घड्याळ. आप्पाजीनं ते कारखान्यात उघडलं, आत पाहिलं, पुन्हा बंद केलं. मग विचारलं, "अण्णा, सोमवारी यायचं का?"
मी घड्याळ पिशवीत घालून घरी आणलं.
घड्याळ चांगलं आहे. सहाचा गजर लावलाय. उठून कुठं जायचं, ते ठरलेलं नाही.