आईचे अकरा मार्क

४ नोव्हेंबर
आईला विसरण्याचा आजार! चाचणीत तीसपैकी अकरा.
लोणावळ्याच्या दवाखान्यात तिला घड्याळ काढायला सांगितलं. चौऱ्याहत्तर वर्षांत पेन धरलेलं नाही. "मला कुटं शाळंत घातलंवतं, बाई?" डॉक्टर म्हणाल्या, न शिकलेल्यांना कमीच पडतात, शिकलेल्यांचं उशिरा कळतं, नुसत्या मार्कांवर जाऊ नका. पण लक्षणं तिनेच सांगितली — नळ चालू राहतो, कान्हे गावात स्टेशनवरून घरची वाट सापडत नाही. गोळ्या सुरू.
नाना, माझे वडील, निवृत्त हेडमास्तर. हौसेने तीच चाचणी दिली — अठ्ठावीस! "दोन कुठे कापले?" म्हणून डॉक्टरांशी वाद.

९ नोव्हेंबर
गॅसला हात लावायचा नाही, असं आईला बजावलं.
नाना — "अंबू, तेव्हाच म्हणत होतो, साक्षरता वर्गाला बस."
"बसले असते तर तुमच्या भाकरी कुणी थापल्या असत्या?"
सगळे हसलो. मीसुद्धा!

१६ नोव्हेंबर
हल्ली नानांना काही विचारलं की उत्तर आईच देते. मध्येच. घाईघाईने. धाकटा भाऊ संदेश, नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून आला होता. म्हणाला, "ताई, मास्तरांची मास्तरीण झालीय ही." आजार वाढतोय, दुसरं काय.

१७ नोव्हेंबर
झोप नाही. काम नाही.

२२ नोव्हेंबर
ठरलं. आईला लोणावळ्याला माझ्याकडे आणायचं. नाना कान्ह्यालाच राहतील, डबा लावून. त्यांना काय होतंय!
आईने माझे पाय धरले. माझे! "ह्येंच्यापासनं हलवू नगस, कोमल. लय उपकार व्हतील."
"सवय होईल," म्हणाले. किती सहज म्हणाले.

२५ नोव्हेंबर
न्यायला गेले. नाना बाहेर पेपर वाचत होते. आईने मला आत ओढलं, दार लोटलं.
"डॉक्टरला समदं त्येंचंच सांगितलंवतं. माजं म्हणून. हेडमास्तर माणूस — नापास झालेलं सोसलं नसतं त्येंला. माजं काय, मी कवा पास झालेवते?"
गोळ्याही ती रोज त्यांनाच देते आहे.