पंधराव्या होलवरून परत

बाबा,

गेल्या शुक्रवारी मी तुमच्या वाळूच्या कोर्सवर गोल्फ खेळून आले. तेही चाचांबरोबर. तुमच्या त्या रत्नागिरीच्या चाचांबरोबर, ज्यांचं नाव निघालं की मी लहानपणी दाराआड जाऊन तोंड वाकडं करायचे. आता ते म्हातारे झालेत, गुडघे कुरकुरतात, इथलं कुवेतचं, अबू हलीफातलं गालिच्यांचं दुकान मुलाच्या हवाली केलंय आणि मार्चमध्ये कायमचे गावी निघालेत. फोनवर म्हणाले, "बाय, जाण्याआधी एकदा साहेबांच्या पोरीला मैदान दाखवायचंय." मला नाहीच म्हणायचं होतं. दाखवणारे हे कोण? बाप माझा आणि आमंत्रण यांचं! पण गेले. तिथे असं काय होतं जे माझ्या वाट्याला कधी आलं नाही, ते मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

शुक्रवारची सकाळ मला अजून वासासकट आठवते. मंगफच्या फ्लॅटमधलं ते बोळासारखं स्वयंपाकघर, आई तव्यावर थालीपीठं लावतेय, तुम्ही तुमच्या त्या भयंकर टोपीत ओट्याला टेकून चहा पिताय. ओट्यावर दोन डबे. एक तुमचा, एक चाचांचा, आणि चाचांच्या डब्यात लोण्याचा गोळा मोठा. मी म्हणते, "त्यांना जास्त का?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "दुसऱ्याच्या ताटात बघू नये." झालं, संपलं बोलणं. एकदा तर मी बूट घालून दाराशी उभी राहिले होते, मलाही न्या म्हणून. तुम्ही म्हणालात, "तिथे काय आहे बघायला? वाळू. करपशील उन्हात." मग खालून हॉर्न वाजला आणि तुम्ही शीळ घालत जिना उतरलात. घरात तुम्ही कधी शीळ घातली नाहीत, बाबा. आठवडाभर तेलाच्या प्लँटवरून यायचात ते कपाळाला आठ्या घालून, आणि आई आणि मी भांड्याचा आवाज न करता वावरायचो. शीळ त्यांना, आठ्या आम्हाला. जळायचे मी. नुसती जळायचे.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी नोकरीसाठी मी परत इथेच आले, सलव्यात घर केलं आणि गोल्फ शिकले. ऑफिसातल्या लोकांना वाटतं, वडिलांचा वारसा चालवतेय. कसला डोंबलाचा वारसा! तुमच्या शुक्रवारांत मला कुणी घेतलं नाही, म्हणून मी माझे शुक्रवार केले. माझा मुलगा स्पष्ट म्हणतो, "मॉम, यू डोन्ट इव्हन लाइक इट." पण हात बसला माझा. मात्र मी शिकले ते नळाच्या पाण्यावर वाढवलेल्या हिरव्यागार गवतावर, जिथे गेटवर कार्ड दाखवावं लागतं.

तुमच्याकडे गेट नाही, कुंपण नाही, काहीच नाही. नुसतं उघडं वाळवंट, येईल त्याचं. मधूनच मेंढ्या जातात. तिसऱ्या होलच्या वाटेवर कुणा कुवेती कुटुंबाने थंडीचा तंबू ठोकलेला, त्यांची आजी गालिच्यावर बसून आमच्याकडे बघतेय, आणि आम्ही निमूटपणे त्यांना वळसा घालून खेळतोय. चुन्याने रंगवलेले दगड दिसले की समजायचं, इथून मारायचं. चाचांच्या कमरेला हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा हातभर तुकडा लटकत होता. बॉल वाळूत पडला की तो खाली ठेवायचा, त्यावर बॉल मांडायचा, मारायचा, तुकडा उचलायचा, पुढे चालायचं. त्याच तुकड्यापायी तुमची ओळख झाली म्हणे. तुम्ही दुकानात येऊन एवढासा तुकडा मागितलात आणि चाचा हसून म्हणाले, "साहेब, एवढ्यावर तर नमाजसुद्धा व्हायची नाही!" तुम्ही म्हणालात, शुक्रवारी या, दाखवतो. बघा, परक्या माणसाला पहिल्या भेटीत "या". पोटच्या पोरीला "करपशील".

पहिल्या ब्राउनवरच माझी फजिती झाली. होलभोवतीचं गवताचं ग्रीन नाहीच ना तिथे, तेल मुरवून दाबून बसवलेली वाळू, तिला ब्राउन म्हणायचं. मी ऐटीत बॉल होलमध्ये घातला आणि निघाले पुढे. मागून आवाज आला, "हां हां हां, महाराणी! आणि हे कोण निस्तरणार?" मी जागच्या जागी थिजले. आवाज चाचांचा, पण ओरडणं तुमचं, बाबा. तो "हां हां हां" तुमचा, ती "महाराणी" तुमची, जेवून ताट न उचलता उठले की मला ऐकावी लागायची ती. वळून बघितलं तर ब्राउनभर माझ्या बुटांचे ठसे, आणि चाचा एक लोखंडी पाइप फिरवत ते मिटवत होते, मागून येणाऱ्यांना वाळू सपाट मिळावी म्हणून. मला ठशांची लाज नाही वाटली. मला राग आला. माझ्याजवळ तुमचा एवढासा आवाजही उरलेला नाही आणि यांच्या तोंडात तो अख्खा. नंतर प्रत्येक ब्राउन मीच घासला, पाइप त्यांच्या हाती लागूच दिला नाही.

पंधराव्या होलनंतर चाचा सरळ गाडीकडे वळले. मी म्हटलं, "अजून तीन राहिले की!"

"इथूनच परत जायचो आम्ही," ते म्हणाले. "साहेब म्हणायचे, चला, पोरगी वाट बघत असेल." आणि मग एकदम तापले. "खरं सांगू काय गो? मला जाम राग यायचा तुझा. इतक्या वर्षांत ते शेवटचे तीन होल साहेबांबरोबर एकदा खेळलो नाही मी. का, तर पोरगी. मला चार पोरं होती, ती काय वाट बघत नव्हती?"

मी म्हटलं, "पण घरी तर बाबा म्हणायचे, चाचांची जुम्म्याची नमाज चुकायला नको, म्हणून लवकर आलो!"

"जुम्मा? अगं, तोवर मी घरी जाऊन, आंघोळ करून एक झोप काढायचो!"

आणि मी तर तुम्ही निघालात की परत झोपलेलीच असायचे, बाबा. आल्यावर तुम्ही मला हाक तरी कुठे मारायचात? पेपर तोंडावर घेऊन आडवे व्हायचात. आम्ही दोघं त्या वाळूत एकमेकांकडे बघत उभे. इतकी वर्षं मी यांच्यावर जळले, हे माझ्यावर जळले, आणि तुम्ही दोघांनाही टोपी घातलीत.

"चल बाय," चाचा म्हणाले, "बघूया तरी काय आहे पुढे."

सोळाव्या होलसाठी एक चढ चढावा लागतो. चाचा गुडघा धरून माझ्यामागून आले. वर पोचलो आणि समोर तुमचा प्लँट. अख्खा. धुराडी, टाक्या, वर जळणारी ती ज्योत. इथून पुढचे तिन्ही होल त्याच्याच दिशेने जातात. चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! सुट्टीच्या दिवशी साहेबांना ऑफिस बघायचं नव्हतं!" मग आम्ही दोघं असे हसलो, असे हसलो, की चाचांना ठसका लागला आणि मी त्यांची पाठ थोपटत बसले. ना पोरगी, ना जुम्मा. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक, पण आम्हाला पटलं. ते तिन्ही होल आम्ही वाऱ्यात रेटून खेळलो. तिन्ही मी जिंकले, आणि चाचांना वाईट वाटेल म्हणून मुळीच सोडले नाहीत.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, चाचांना तर नाहीच. त्यांना सबब सांगायला तुम्हाला मी सुचले आणि मला सांगायला ते. फिटंफाट झाली, कळतंय मला. हसूनही झालं. पण मला फिटंफाट नकोय, बाबा. खोटं बोलायलासुद्धा तुम्हाला मी एकटीच सुचायला हवी होते.